टोपीवाला र

माणिक जोगळेकर या बाईंच्या हातून आयुष्यात एकच चोरी झाली. ती त्यांनी दिवसाढवळ्या, परक्या देशात, राखणदारणीच्या डोळ्यांदेखत आणि वर तिला नमस्कार करून केली. हे मी सांगितलं तर आमच्या जुन्या छापखान्यातला कुणीही म्हणेल, शेवाळे, तुमचं आता वय झालं. कारण बाई निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी अर्ध्या वाटेवरून परत आल्या होत्या. पदराला छापखान्याच्या दोन टाचण्या चुकून राहिल्या होत्या, त्या त्यांनी डबीत टाकल्या, डबीचं झाकण लावलं आणि मग घरी गेल्या.

छापखाना सदाशिव पेठेत होता. शाळेची मार्गदर्शकं, प्रबंध, लग्नपत्रिका, पंचांगं, जे येईल ते आम्ही छापत असू. बाई मुद्रितशोधक, आणि मी त्यांचा वाचक. म्हणजे लेखकाची मूळ प्रत मी मोठ्याने वाचायची आणि समोर बसून बाईंनी छापलेला कागद तपासायचा. वाचायचं ते सगळं वाचायचं, चिन्हांसकट. ‘आई स्वल्पविराम मला भूक लागली उद्गारचिन्ह’ असं. बावीस वर्षं मी हे केलं. आमच्या घरात भांडण झालं तर बायको म्हणायची, आता एक पूर्णविराम द्या आणि जेवायला बसा.

बाई अंगाने किरकोळ, आवाज त्याहून बारीक. टेबलावर स्टीलची पट्टी, लाल पेन्सिल आणि काही नाही. चहा त्या खिडकीशी उभ्या राहून प्यायच्या, कारण कागदाजवळ कपबशी आलेली त्यांना चालत नसे. रागावल्या तरी आवाज चढत नसे, फक्त ‘हो का?’ म्हणायच्या. एका प्राध्यापकांनी त्यांना सांगितलं, “बाई, तुम्ही ज्याला चूक म्हणता ते माझ्या शैलीचं वैशिष्ट्य आहे.” बाई म्हणाल्या, “हो का? मग ते प्रत्येक पानावर वेगवेगळं का आहे?” प्राध्यापकांनी पुढची तिन्ही पुस्तकं आमच्याकडेच छापली. पण मुद्रितं न्यायला स्वतः न येता मुलीला पाठवायचे.

एक गोष्ट खिळ्यांच्या काळातली. तेव्हा शिशाचं एकेक अक्षर, म्हणजे एकेक खिळा, हाताने जुळवून पान तयार करत. भूगोलाच्या एका मार्गदर्शकात ‘सह्याद्रीतील खोल दर्या’ असं जुळलं होतं. दर्या म्हणजे समुद्र. हवं होतं दऱ्या. बाईंनी यंत्र थांबवलं. जुळाऱ्याने सांगितलं, तो अर्धचंद्रासारखा र संपलाय, केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, एकही शिल्लक नाही. मालक म्हणाले, “जाऊ द्या हो, पोरांना कळतं.” बाई म्हणाल्या, “पोरांना कळेल. सह्याद्रीचं काय?” आणि भर उन्हात नारायण पेठेतल्या दुसऱ्या छापखान्यात जाऊन तसले नऊ खिळे रुमालात बांधून घेऊन आल्या. छपाई संपल्याबरोबर नऊच्या नऊ रॉकेलने धुऊन, पुसून परत दिले. मालक गंमतीने म्हणाले, एखादा राहिला असता तर त्यांना काय कळणार होतं? बाईंनी पुढचं मुद्रित ओढलं. विनोद समजला नाही की त्या अशाच कामाला लागत.

पुढे खिळे भंगारात गेले, संगणक आले, मग छापखानाही गेला. बाई घरीच प्रबंध तपासू लागल्या. लग्न केलेलं नव्हतं. जवळचं म्हणावं अशी एक भाची, सई. खराडीच्या एका कंपनीत होती, तिला कंपनीने तीन वर्षांसाठी चेक देशात पाठवलं. तिने आत्याला बोलावलं आणि बाई वयाच्या बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसल्या.

परत आल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. मी येरवड्याहून दोन बस बदलून गेलो. वाटलं होतं फोटो दाखवतील. फोटो सईकडेच राहिले होते, बाईंनी तोंडी सांगितलं. मोठ्या शहरांबद्दल त्या फारसं बोलल्या नाहीत. एका छोट्या जुन्या गावाबद्दल मात्र तासभर बोलल्या. दगडी फरसबंदीचा चौक, चौकाच्या चारही बाजूंना कमानी, कमानींखाली दुकानं. चौकाच्या मधोमध प्लेग सरल्यावर उभारलेला खांब. घरांना नंबर यायच्या आधीची चिन्हं अजून दारांवर आहेत, कुणाच्या दारावर अस्वल, कुणाच्या दारावर किल्ली. “वेससुद्धा आहे,” बाई म्हणाल्या, “आणि ती नुसती बसस्टॉपच्या नावात नाही, खरीच आहे. लोक अजून तिच्यातूनच जातात-येतात.”

पण बाई खऱ्या खूश होत्या त्या भाषेवर. “अहो शेवाळे, त्यांच्या अक्षरांच्या डोक्यावर चिन्हं असतात. आपल्यासारखी. आणि काही शब्दांत स्वरच नाही. मानेला म्हणतात क्‌र्क. लांडग्याला व्ल्क. सगळ्यांचे पाय मोडलेले, आणि तरी चालतात!” विमानात शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं होतं की आकाशाला नेबे म्हणतात, अंधाराला त्मा, दिवसाला देन. नभ, तम, दिन. बाईंनी तिथेच ठरवून टाकलं की ही भाषा आपल्या घरातली आहे, लांब राहायला गेली एवढंच.

मग त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत शिशाचा एक खिळा होता. आरशात दिसावा तसा उलटा इंग्रजी आर, आणि त्याच्या डोक्यावर उलट्या छत्रीसारखी इवलीशी खूण.

“टोपीवाला र,” बाई म्हणाल्या. “हा त्यांच्याकडेच आहे. आजूबाजूच्या कुणाकडे नाही. आपला दऱ्यांमधला र जसा हिंदीवाल्यांकडे नाही, तसा.”

तो कसा मिळाला तेही सांगितलं. गावातला जुना छापखाना आता तीन खोल्यांचं संग्रहालय आहे. सई बाहेर ऑफिसच्या फोनवर होती, म्हणून बाई एकट्याच आत गेल्या. आत त्यांच्याच वयाची एक राखणदार बाई. तिने कुलूप काढून खिळ्यांची केस दाखवली. जुळवून ठेवलेल्या उलट्या ओळीवरून बाईंनी बोट फिरवलं आणि ती सरळ वाचावी तशी वाचून दाखवली, अर्थ न कळता. राखणदारीण चकित झाली. दोघी हसल्या. एकीला दुसरीचा शब्द कळत नव्हता, तरी पंधरा मिनिटं गप्पा मारल्या म्हणे. शेवटी बाईंनी तो टोपीवाला र उचलला, छातीशी धरला आणि भुवया उंचावून विचारलं, नेऊ का?

“ती म्हणाली, ने, ने! हातसुद्धा असा हलवला. अरेतुरेत बोलली, पण किती आपुलकीने. तेवढ्यात शाळेची मुलं आली, ती तिकडे वळली. मी नमस्कार केला आणि आले.”

मी खिळा हातात घेऊन पाहिला, छान आहे म्हणालो आणि चिवड्याची बशी जवळ ओढली. मला त्यात काही खटकलं नाही. खटकायला हवं होतं, असं आता वाटतं.

बाईंनी चेक शिकायचं मनावर घेतलं. सईने रोजच्या वापरातली वाक्यं देवनागरी उच्चारांसह मोबाइलवर लिहून पाठवली होती. ती शेजारच्या दुकानातून छापून आणून बाईंनी मला फोन केला. “शेवाळे, मोकळे असाल तर वाचायला या.” जानेवारीतली सकाळ होती. बाई पट्टी घेऊन बसल्या, मी मोबाइलवरची मूळ प्रत घेऊन समोर बसलो आणि जुन्या सवयीने सुरू केलं.

“दोब्री देन, संयोगचिन्ह, नमस्कार, पूर्णविराम. देकुयी, संयोगचिन्ह, आभारी आहे, पूर्णविराम. आनो, संयोगचिन्ह, होय, पूर्णविराम. ने, संयोगचिन्ह, नाही, पूर्णविराम. प्रोसीम...”

“थांबा. मागची ओळ परत वाचा.”

“ने, संयोगचिन्ह, नाही, पूर्णविराम.”

“मूळ प्रतीत तसंच आहे?”

“तसंच आहे.”

बाईंनी पट्टी बाजूला ठेवली. मग अगदी हळू म्हणाल्या, “नभ ऐकू आलं मला. तम ऐकू आलं. आणि न ऐकू आला नाही. संस्कृतातसुद्धा न म्हणजे नच की हो. मला हवं ते ऐकलं मी.”

मी म्हणालो, “बाई, एवढासा खिळा. अशा शेकडो खिळ्यांनी केस भरलेली असेल. विसरून जा.” हे बोलल्याची मला अजून लाज वाटते. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू त्या बावीस वर्षांत समोर दुसराच कुणी बसत होता.

त्यांनी लगेच सईला फोन लावला आणि मलाही ऐकू यावा म्हणून स्पीकर सुरू केला.

“आत्या, चिल! इट्स जस्ट अ पीस ऑफ मेटल. कुणाला कळलंपण नसेल.”

“तुझ्या लॅपटॉपचा आर मी काढून नेते, मग आपण बोलू. तू तिथे जा आणि चौकशी कर.”

सई एक दिवस रजा काढून गेली. संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं, म्हणून नगरपालिकेच्या कचेरीत गेली. तिने परत येऊन फोनवर जे सांगितलं ते असं. हंगाम संपताना दरवर्षी वस्तूंची मोजदाद होते. त्यात एक खिळा कमी भरला. त्या संचात टोपीवाले र मुळात तीनच उरले होते. राखणदार बाई, तिचं नाव व्लास्ता, तिने वहीत लिहून दिलं की साफ करताना माझ्या हातून हरवला. तीस वर्षं केसची किल्ली तिच्याकडे असायची, ती काढून घेतली. एप्रिलपासून तिने फक्त दाराशी बसून तिकिटं फाडायची.

“पण ती का असं म्हणाली?” बाईंनी विचारलं. “तिने मला घेताना पाहिलं होतं.”

“आत्या, ते मी नाही विचारलं. मी काहीच नाही बोलले. मी घाबरले गं. माझा व्हिसा, जॉब, पोलिसबिलिस...”

“बरं केलंस. तुझं नाव यात येणार नाही.”

त्यानंतर आठवडाभर बाईंनी एकही प्रबंध घेतला नाही. मी गेलो तर दार उघडत, पाणी देत आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहत. मी सुचवलं, खिळा कुरिअरने पाठवू, सोबत माफीचं पत्र लिहू. तेव्हा बाई पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलल्या. “खिळा कुरिअरने जाईल हो, पण त्या बाईवरचा आळ कसा जाणार? तिच्या हाताने लिहिलेलं आहे ते वहीत. माझं पत्र कुणीतरी वाचेल आणि कपाटात ठेवेल. तिला किल्ली चारचौघांत द्यावी लागली असेल. मला चारचौघांतच जायला हवं.”

गुडघे कुरकुरत होते, डॉक्टर नको म्हणत होते, पण बाईंनी व्हिसाचा एजंट गाठला. मी सोबत होतो. प्रवासाचा हेतू या रकान्यापाशी गाडी अडली. एजंट म्हणाला, “मॅडम, टुरिझम टाकू.”

“मी फिरायला चाललेले नाही.”

“मग काय लिहू?”

“चोरीची वस्तू परत करणे.”

एजंटने माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. शेवटी भाचीची भेट असं ठरलं. तेही खोटं नव्हतं म्हणून बाईंनी मान्य केलं, तरी सही करताना नाराज दिसल्या.

कबुलीजबाब सईने तिच्या एका चेक मैत्रिणीकडून लिहून घेतला होता. सहा ओळींचा. ‘गेल्या सप्टेंबरमध्ये या संग्रहालयातून टोपीवाल्या र या अक्षराचा खिळा मी नेला. श्रीमती व्लास्ता यांनी मला नाही म्हटलं होतं. मला ते माझ्या भाषेत ऐकू आलं. त्यांची काहीही चूक नाही.’ असा त्याचा अर्थ. पुढे नाव, गाव, तारीख. बाईंना तो स्वतःच्या हाताने वहीत लिहायचा होता. म्हणून त्या रोज दुपारी पाटीवर गिरवल्यासारखा गिरवत बसायच्या आणि मी मूळ कागदावरून एकेक अक्षर वाचायचो. आर, टोपी. ए, काना. सी, टोपी. चेक मला ओ की ठो कळत नव्हतं, पण टोप्या मोजता येत होत्या. दोन महिन्यांत त्यांची एक टोपी पडली नाही.

एप्रिलमध्ये संग्रहालय उघडलं आणि बाई गेल्या. त्यांना निरोप द्यायला मी विमानतळावर गेलो नाही, माझ्या मुलीचं नाशिकला बाळंतपण होतं. मे महिन्यात बाई पुण्याला परतल्या तेव्हाही मी नाशिकलाच होतो, आणि मी येरवड्याला यायच्या आत एका सकाळी झोपेतच त्या गेल्याचा सईचा फोन आला. मला फार वाईट वाटलं. जाऊन भेटायला हवं होतं, चार दिवसांनी काही बिघडणार नव्हतं नाशिकचं. त्यामुळे बाई मला शेवटच्या दिसल्या त्या मोबाइलवर.

एप्रिलमधला तो दिवस, दुपारचा दीड वाजला होता, मी जेवून उठत होतो. सईचा व्हिडिओ फोन आला. “काका, आत्या म्हणतेय की तुम्ही बघायला हवं. साक्षीदार म्हणून.” तिने फोन वळवला. जाड भिंतींची एक खोली, खिडकीतून ऊन, मधे लांब टेबल. टेबलाशी कचेरीतला एक मध्यमवयीन गृहस्थ, तीनचार गावकरी आणि कडेला स्वेटर घातलेली एक उंच म्हातारी. ती व्लास्ता असणार. बाई नेसल्या होत्या ती इंदुरी साडी, वर सईचं जाडजूड जाकीट.

बाईंनी रुमाल सोडला आणि खिळा टेबलावर ठेवला. मग त्यांनी हाताने वही मागितली. गृहस्थाने पान उघडून दिलं. व्लास्ताच्या अक्षरातल्या नोंदीखाली जागा होती. बाई खुर्चीवर बसल्या, चष्मा सारखा केला आणि लिहू लागल्या. समोर कागद नव्हता, सगळं पाठ होतं. सहा ओळी लिहायला त्यांना दहा मिनिटं लागली असतील. मी फोन दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

गृहस्थाने वाचलं, मान डोलवली आणि वही व्लास्ताकडे सरकवली. तिने सावकाश वाचलं. मधेच तिचं बोट थांबलं. ती बाईंकडे बघून काहीतरी म्हणाली. सईने मला हळूच सांगितलं, “काका, टोपी राहिली. आत्याने लिहिलंय, मी साधा र नेला.”

बाई उठून टेबलावर वाकल्या. चष्मा कपाळावर सरकवून, नाक कागदाला लागेल इतक्या जवळून त्यांनी बघितलं. त्यांचा चेहरा लालेलाल झाला. त्यांनी पेनासाठी हात पुढे केला, पण व्लास्ताने पेन दिलं नाही. बाईंचा तो पुढे आलेला हात तिने आपल्या डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने त्या अक्षरावर इवलीशी टोपी काढली. गृहस्थाने खिशातून केसची किल्ली काढून व्लास्तापुढे वहीवर ठेवली.

कुणीतरी टाळी वाजवली. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. छापखान्यात हाताने केलेल्या दुरुस्तीशेजारी जबाबदार माणसाने सही करायची असते. बाईंनी व्लास्ताकडून पेन घेतलं आणि त्या टोपीच्या शेजारी, समासात, मराठीत बारीक अक्षरात ‘मा. जो.’ लिहिलं. मग मागे सरून त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.